चिंचबागेचं फाटक

३ नोव्हेंबर

नोकरी लागली! मिहानच्या उद्योगक्षेत्रातली कंपनी बंद झाल्यापासून घरी बसून होते. सकाळी बाबांचा चहा, मग फोनवर अर्ज, मग दुपारी उगाच कपाट आवरणं. आता कपाटात आवरायला काही उरलं नव्हतं.

आज रामदासपेठेतल्या ऑफिसात सौरव सरांनी बोलावलं. माझ्याहून लहानच असतील, पण बोलणं नेमकं. आमच्या घराजवळची चिंचबाग महापालिकेनं त्यांच्या कंपनीला चालवायला दिली आहे. जागा महापालिकेचीच राहणार. दुरुस्ती, दिवे, पाणी, माळी, पहारेकरी हे सगळं कंपनीकडे, आणि त्या बदल्यात कंपनी तिकीट लावणार. त्यांना त्याच भागात राहणारी, इमारती सांभाळायचा अनुभव असलेली बाई हवी होती. म्हणजे मीच की!

मी शाळेत होते तेव्हा दिवेलागणीच्या आधी आई बागेच्या फाटकाशी येऊन हाक मारायची, कारण त्यानंतर दारुडे यायचे. आता ते दुपारीच येतात. झोपाळ्यांच्या साखळ्या लोंबतात, बसायच्या फळ्या नाहीत. बायकांच्या संडासाला दार नाही. अशी बाग मला दिली आहे. दिली म्हणजे सांभाळायला दिली. पण घरी येताना रिक्षात मला ती माझीच वाटत होती.

बाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. शेजारच्या सगळ्या घरांत स्वतः जाऊन पेढे दिले. रात्री जेवताना मात्र विचारलं, "तिकीट सगळ्याइले राहीन का वं?"

"सगळ्यांनाच. फार नाही बाबा, थोडंसं."

"हौ," म्हणाले आणि भाकरीचा तुकडा वरणात बुडवून कितीतरी वेळ तसाच धरून बसले. म्हातारपणी माणसाचं लक्ष असं उडतं.


१२ नोव्हेंबर

हात सोलवटले आहेत. कामगार आहेत, पण नुसतं उभं राहून सांगणं मला जमत नाही. पोती भरभरून बाटल्या निघाल्या. संडासाला दारं बसली, आतून कडी लागते. मी स्वतः तीनतीनदा लावून पाहिली. आज नळाला पाणी आलं.

पाणी आल्याची बातमी कशी पसरते कोण जाणे. वस्तीकडच्या बाजूनं सिंधूताई आल्या, मागून त्यांच्या मैत्रिणी. सिंधूताई अंगणवाडीत होत्या. वस्तीतली अर्धी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्या कोणालाही रागावू शकतात. बाग साफ होऊ लागल्यापासून संध्याकाळी चिंचेच्या पारावर त्यांची बैठक असते. कोणी लसूण सोलतं, कोणी सुनेचं गाऱ्हाणं सांगतं.

त्यांनी नळ उघडला, हातावर पाणी घेतलं, तोंडावर मारलं.

"तू केलं हे?"

"कंपनीनं केलं, ताई."

"कंपनी मले दिसून नाही राहिली. मले तू दिसून राहिली." मग संडासात जाऊन आल्या आणि बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणाल्या, "कडी लागते वं बायांनो!"

मला इतका आनंद मिहानमध्ये बारा मजली इमारत सांभाळतानाही झाला नव्हता.


२५ नोव्हेंबर

आज पहाटे लवकर गेले, तर अंधारात धापा टाकल्याचा आवाज. घाबरलेच. पाहते तर सहा-सात पोरी बागेच्या आतल्या वाटेवरून पळत होत्या. पोलीस भरतीची तयारी करतात. पुढे होती ती दीक्षा. बाप कळमन्याच्या बाजारात हमाली करतो. मागच्या भरतीत एका गुणानं राहिली, त्यामुळे यंदा बाकीच्या पोरींनाही तीच दामटते. पळणं झालं की लोखंडी गोळा फेकतात. गोळा एकच आहे, पाळीपाळीनं.

"दारुड्यांची भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"ते पहाटे झोपून राहतात ना ताई. म्हणून तं आम्ही पहाटे येतो."

जाताना तिनं विचारलं, "गेट लागल्यावर आमाले येऊ देसान ना?"

"का नाही? महिन्याचा पास काढायचा."

ती "हौ ताई" म्हणाली आणि तिनं बाकीच्या पोरींकडे पाहिलं. पोरींना लाज फार.


१ डिसेंबर

उद्‌घाटन झालं. फाटकाला हिरवा रंग, बाजूला तिकीटघर. बेस्याच्या नव्या वसाहतींकडून गाड्या भरभरून माणसं आली. एका बाळाचा पहिला वाढदिवस लॉनवर झाला. दिवे लागले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला माझ्या आईची फाटकातली हाक आठवली. आता तिला हाक मारावी लागली नसती.

सौरव सर म्हणाले, "रोशनी मॅडम, हे तुमच्यामुळं." असं कामाच्या ठिकाणी मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

बाबा आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. वीस वर्षं रोज सकाळी देवाजी काकांबरोबर बागेत चालणारा माणूस, आणि नेमकं आता गुडघ्यांनी असहकार पुकारला! मी तेल आणून दिलं. त्याऐवजी ते आता संध्याकाळी बुद्धविहारात जायला लागले आहेत. आधी फक्त पौर्णिमेला जायचे, आता जवळजवळ रोज. आई गेल्यापासून एकटे पडले होते, मन रमतंय तर बरंच आहे.


९ डिसेंबर

सिंधूताईंची बैठक आता बागेबाहेर, कुंपणाला लागून फुटपाथवर असते. मला आतून त्यांच्या पाठी दिसतात. आज जाऊन म्हटलं, "ताई, आत या ना. इथं धूळ आहे."

"आत बसाचं तिकीट आहे, बाहेर बसाचं नाही."

"तुमच्या पासाचं मी बघते."

त्या हसल्या. "मले एकटीले बागेत जाऊन काय कराचं आहे वं? झाडाशी बोलू?"

सरांना विचारलं की वस्तीतल्या लोकांना काही सवलत देता येईल का. म्हणाले, "मॅडम, एकाला दिली की सगळे मागतात. मग दिवे कोणाच्या भरवशावर लावायचे? थोडे दिवस त्रास होईल, मग सवय होते." खरं आहे त्यांचं. फुकट होती तेव्हा बागेचं काय झालं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण आज संध्याकाळी कुंपणातून पाहिलं तर सिंधूताई माझ्याकडे पाठ करूनच लसूण सोलत होत्या, आणि मला उगाच वाटलं की ती पाठ माझ्यासाठी आहे.


१९ डिसेंबर

धुकं, कडाका. पहाटे स्कूटरवरून जाताना रिंग रोडच्या कडेनं पोरी पळताना दिसल्या. दीक्षा पुढे. शेजारून ट्रक जातो तेव्हा त्यांच्या ओढण्या उडतात. थोडं मागे कोणी म्हातारा टॉर्च घेऊन चालत होता. हल्ली लोक कुठंही मॉर्निंग वॉक करतात.

मी स्कूटर थांबवली. "उद्यापासून मागच्या फाटकानं या. मी उघडते."

"ताई, तुमची नोकरी जाईन."

"माझं मी बघते."


२३ डिसेंबर

चार दिवस उघडलं. आज सरांचा फोन. कॅमेऱ्यात दिसलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "उद्या एखादी मुलगी आत पडली, हात मोडला, तर जबाबदारी कोणाची? बाग माझ्या नावावर आहे." मी म्हणाले, नावावर महापालिकेच्या आहे. ते हसले, "कागदावर. पण फोन मलाच येतो ना."

मागचं फाटक बंद केलं. पोरींना तोंड दाखवायला नको म्हणून पहारेकऱ्याकडून निरोप पाठवला. हे लिहितानाही बरं वाटत नाही.


२ जानेवारी

आज बाबांनी माझ्या कामात इतका रस घेतला की मी चकितच झाले. कंपनीचा करार कसा असतो, कधी पक्का होतो, सगळं विचारलं. मी समजावून सांगितलं की आत्ताचं हे तात्पुरतं आहे. फेब्रुवारीत महापालिकेच्या झोन ऑफिसमध्ये सुनावणी होईल, लोकांचं म्हणणं ऐकतील, मग पंधरा वर्षांसाठी पक्कं करतील.

"लोकाइचं म्हणजे कोणाचं? कोणी बी बोलू शकते का?"

"कोणीही. आधी लेखी द्यायचं, बस."

"किती दिवस आधी?"

मी तेही सांगितलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "अशात 'आक्षेप' लिहावं का 'हरकत'?"

"काहीही चालतं. पण तुम्हाला कशाला?"

"टपाल खात्यात जिंदगी गेली. शब्दाची आवड आहे मले."

मग विहारात निघून गेले. गुडघ्याची तक्रार नाही आज. तेलाचा गुण आला म्हणायचा.


११ जानेवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

पहाटे बाबांचा फोन आला. मी समजत होते ते आतल्या खोलीत झोपले आहेत. "दवाखान्यात ये. दीक्षाले गाडीनं उडवलं." मागून मालवाहू ऑटो आला. तिनं शेवटच्या क्षणी एका पोरीला बाजूला ढकललं आणि स्वतः पडली. डावं मनगट मोडलं, गुडघे फुटले. डोक्याला काही नाही. डॉक्टर म्हणाले, नशीब.

दीक्षा प्लास्टर होताना रडली नाही. डॉक्टरांना एवढंच विचारत होती, "उजवा हात ठीक आहे ना? गोळा उजव्यानं फेकते मी."

बाहेर बाकावर बाबा बसले होते. हातात टॉर्च. पॅन्ट चिखलानं भरलेली.

तेव्हा मला कळलं. इतके दिवस पोरींच्या मागे चालणारा तो म्हातारा.

"बाबा, तुमचे गुडघे?"

"गुडघ्याइले का झालं? चांगले आहेत."

"मग बागेत का येत नाही?"

ते टॉर्चचं बटण दाबत राहिले. चालू, बंद. मग म्हणाले, "देवाजी म्हणे, मी तिकीट काढून चालत नसतो. त्याले परवडत बी नाही, पण तो तसं म्हणत नाही. मंग मी एकटा कसा येऊ? अन् नाही येत म्हणून तुले सांगू कसा? तू किती खुशीत होती."

मी त्यांना तेल आणून दिलं होतं. एक नाही, दोन बाटल्या.


१४ जानेवारी

सरांना भेटले. सगळं सांगितलं. पहाटे पाच ते आठ फाटक सगळ्यांसाठी मोकळं ठेवा, पहारेकऱ्याबरोबर मी स्वतः थांबेन, असं म्हटलं. सरांना खरंच वाईट वाटलं. दीक्षासाठी फळं पाठवली. पण म्हणाले, "सुनावणी होऊन जाऊ द्या. आत्ता सूट दिली तर आपणच चूक मान्य केल्यासारखं होईल." मग म्हणाले, "सुनावणीत तुम्ही बोला. इथलीच मुलगी, स्वतःच्या हातानं बाग उभी केली. तुमचं ऐकतील लोक."

हो म्हणाले. कारण बाग खरंच उभी केली आहे मी. आणि सुनावणीनंतर पाच ते आठ मोकळं होईल असं त्यांनी जवळजवळ सांगितलंच आहे.

संध्याकाळी तीळगूळ घेऊन दीक्षाकडे गेले. ती अंगणात एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात विटेचा तुकडा घेऊन फेकत होती. मला पाहून थांबली नाही. फेकून झाल्यावर म्हणाली, "बसा ना ताई."


५ फेब्रुवारी

आजचं सगळं नीट लिहायचं आहे.

झोन ऑफिसचा हॉल. समोर अधिकारी बाई, पन्नाशीच्या, चेहऱ्यावरून काही कळू न देणाऱ्या. मी सरांशेजारी पहिल्या रांगेत. आधी वाटलं दहा-बारा माणसं येतील. मग सिंधूताई आल्या आणि त्यांच्या मागे आख्खा पार आला. देवाजी काका आले. दीक्षा आली, गळ्यात अडकवलेला हात. बंगल्यांच्या ले-आउटमधलेही काही आले. ते कंपनीच्या बाजूनं बोलणार होते, कारण त्यांना दिवे हवे आहेत.

आणि शेवटी पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून बाबा आले.

मला वाटलं, मला ऐकायला आले. मी हात हलवला. त्यांनी पाहिलं, मान खाली घातली आणि सिंधूताईंच्या बाजूला जाऊन बसले. कारकुनानं नाव पुकारलं, "चिंचबाग बचाव समिती, सचिव, प्रेमानंद..." आणि माझे बाबा उभे राहिले.

विहार. रोज संध्याकाळचा विहार! तिथं समितीच्या सभा होत होत्या आणि मी म्हणत होते, मन रमतंय.

कान तापले होते, त्यामुळे सुरुवातीचं ऐकू आलं नाही. मग त्यांचा आवाज आला.

"...मॅडम, आम्ही खोटं नाही बोलणार. बाग पहिले घाण होती. आमची बी चूक आहे, आम्ही पाहत राह्यलो. आता ती सुंदर आहे. माह्या पोरीनं केली." इथं त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे ती सुंदर होऊ शकते, हे तं ठरलं. आता एवढंच ठरवाचं आहे का कोणासाठी. मी छप्पन साली, धम्मदीक्षेच्या दिवशी, मायच्या कडेवर होतो, वर्षभराचा. मले काही आठवत नाही. माय सांगे, एवढी माणसं, पण मैदान मोकळं होतं म्हणून मावलो. तिथं कोणी फाटकावर उभं राहून विचारलं नाही का तू कोण. बस, एवढंच म्हणणं आहे."

 देवाजी काकांनी नाक शिंकरलं.

ले-आउटमधल्या एका गृहस्थांनी विचारलं, "आणि पुन्हा दारुडे आले तर? आमच्या मुली संध्याकाळी कुठं जातील?" त्यांचं बोलणं मला चुकीचं वाटलं नाही. सिंधूताईंनी उत्तर दिलं, "आम्ही पारावर बसतो ना भाऊ. तीस बाया बसल्या राहिल्या तं कोणता दारुडा येते? आमाले बाहेर काढलं अन् पहारेकरी ठेवला." लोक हसले. ते गृहस्थही.

मग माझं नाव आलं. सरांनी लिहून दिलेलं भाषण हातात होतं. पहिली दोन वाक्यं वाचली: स्वच्छता, दिवे, कडी. ती खरी होती. तिसरं वाक्य होतं, परिसरातील सर्व नागरिकांना याचा लाभ झाला. तिथं अडकले.

अधिकारी बाईंनी वर पाहिलं. "का थांबलात?"

"सर्व नागरिकांना नाही झाला," मी म्हणाले.

"म्हणजे?"

मग मी सांगितलं. पास म्हटल्यावर पोरींनी एकमेकींकडे पाहिलं होतं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मागचं फाटक मी उघडलं होतं आणि मीच बंद केलं. त्यानंतर त्या रस्त्यावर पळत होत्या. हे सगळं कंपनीवर ढकलून चालणार नाही, कुलूप माझ्या हातानं लागलं. आणि हेही म्हणाले की कंपनीनं दिवे लावले, नळ आणला, ते परत काढून नेऊ नका. दिवेही राहिले पाहिजेत आणि माणसंही.

बसले तेव्हा सर समोर बघत होते. खुर्ची त्यांनी हलवली नाही, पण मला ती लांब गेल्यासारखी वाटली.


६ फेब्रुवारी

सकाळी राजीनामा दिला. सरांनी मागितला नव्हता, पण मी दिला तेव्हा नकोही म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर बाबांशी भांडले. खूप. माझ्याकडूनच माहिती काढली, माझ्याच विरुद्ध वापरली. हरकत आणि आक्षेप! मला निदान सांगायचं तरी.

"सांगितलं असतं तं तू कोणाले निवडलं असतं?" त्यांनी विचारलं. "नोकरी का बाप? तुले त्या पेचात टाकाचं नव्हतं."

"मग हॉलमध्ये काय झालं? तिथं टाकलंच ना?"

 ते उठले, स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं चिडले. थोड्या वेळानं पोहे घेऊन आले, जरा करपलेले. "हौ, चुकलंच माह्यं," म्हणाले. "तुले विचारत होतो ना रोज, तवा मले बी लाज वाटे. पण मी विचारलंच."

पोहे खाल्ले. राग गेला असं नाही. पण करपलेल्या पोह्यांसमोर किती वेळ रागावणार?


२७ फेब्रुवारी

निकाल आला. पंधरा वर्षांचा करार होणार नाही. तिकीट बंद. महापालिका पाणी, वीज आणि माळी देणार. रोजची देखरेख वर्षभर प्रायोगिक तत्त्वावर नागरिक समितीकडे. कंपनीला फक्त उपाहारगृह चालवायचं तर चालवा म्हणाले होते, सरांनी नकार दिला.

वस्तीत फटाके. देवाजी काका नाचले म्हणे, मी पाहिलं नाही.

संध्याकाळी सरांचाच फोन आला. मी घाबरत उचलला. म्हणाले, "मॅडम, पंपाचा व्हॉल्व्ह डावीकडं फिरवू नका, तुटतो. आणि सहा महिन्यांनी नळ चोरीला गेले तर मला दोष देऊ नका." मी म्हणाले, नाही देणार. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "लॉन मस्त केलं होतं तुम्ही."

मला वाटतं ते वाईट माणूस नाहीत. पण ते चांगले आहेत की वाईट, यावर बाग चालायची नसते, हे आत्ता लिहिताना कळतंय.


८ मार्च

सिंधूताई घरी आल्या, सोबत समितीची माणसं. बाबा मुद्दाम आत गेले, दार मात्र अर्धं उघडं ठेवलं. देखरेखीला माणूस ठेवायची परवानगी मिळाली आहे, मानधन थोडं आहे. "मिहानचा पगार नाही देऊ शकत," सिंधूताई म्हणाल्या. "पण कंपनी नसली तं कडी कोण तपासीन वं?"

मी विचार करून सांगते म्हणाले. मिहानमधून एका मुलाखतीचं बोलावणं आलं आहे, चांगलं आहे. रात्रभर विचार करणार होते. पण त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात पंपाच्या खोलीला नवं कुलूप कुठून घ्यायचं ते ठरवत होते.

बाबांना सांगितलं. "मुलाखत तं देऊन ये," ते म्हणाले. हा माणूस मला कधी कळणार नाही.


१६ मार्च

दीक्षाचं मैदान निघालं, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी पार पडली! प्लास्टर निघून थोडेच दिवस झालेत, तरी आठशे मीटर आपल्या सगळ्यात चांगल्या वेळेत पळाली. गोळ्यात दोन गुण गेले, त्याचं तिला फार दुःख. लेखी परीक्षा बाकी आहे. आता चिंचेखाली बसून अभ्यास करते, आणि सिंधूताईंच्या बैठकीला "जरा हळू बोला ना काकू" म्हणते. आणि त्या हळू बोलतात! हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मी मानलं नसतं.

मिहानला मुलाखत दिली. त्यांनी निवडलं. मी नाही म्हटलं. आता भीती वाटते आहे.


२३ मार्च

पहिला आठवडा. जे होणार होतं ते झालं. एक नळ खरंच गेला. माळी दोन दिवस आलाच नाही. ऊन वाढलंय, लॉनचा कोपरा पिवळा पडतोय. संध्याकाळी एक दारुडा आला होता, तर बायांनी त्याला मधे बसवून त्याच्या आईची चौकशी सुरू केली. तो स्वतःच निघून गेला.

पण एक गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. फाटक उघडं आहे, तिकीटघर बंद आहे, तरी लोक फाटकाशी येऊन थांबतात. इकडं तिकडं पाहतात. कोणाला विचारायचं, ते शोधतात. आज एक भाजीवाली बाई डोक्यावरची टोपली उतरवून कितीतरी वेळ उभी. मी लांबून "या ना" म्हटलं, तर म्हणाली, "पाणी पिऊनच निघते बाई, बसत नाही." दिवसभर "या, या" करून माझा घसा बसला.

म्हणून संध्याकाळी समितीत ठरलं की पाटी लावायची. पाटीवर काय लिहायचं यावर तासभर भांडण. देवाजी काका म्हणाले, "प्रवेश विनामूल्य." सगळ्यांना पटलं. बाबा उठले.

"विनामूल्य लिहिलं तं कोणी मेहेरबानी करून राहिलं असं वाटते."

"मंग 'सर्वांसाठी खुले' लिहू?" सिंधूताई म्हणाल्या.

"म्हणजे कोणी तरी खुलं केलं. उद्या तोच बंद करीन."

"मंग का लिहाचं गा प्रेमानंद? तूच सांग!" देवाजी काका वैतागले.

बाबांनी दोन-तीन शब्द स्वतःशीच पुटपुटून पाहिले, मान हलवली. टपाल खात्यातला शब्दांचा शौकीन माणूस, पण एकही पसंत पडेना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दिवसभर उन्हात उभी होते, डोकं दुखत होतं, मला घरी जायचं होतं. म्हटलं, नुसती वेळ लिहा.

आता पाटी तयार आहे. पेंटर उद्या सकाळी लावेल. मोठ्या अक्षरांत, 'चिंचबाग. पहाटे पाच ते रात्री नऊ.' आणि सिंधूताईंच्या आग्रहावरून खाली लहान अक्षरांत, 'नळ बंद करा.'